बोरिवली ते अंधेरी: लोकल की मेट्रो?

बोरिवली पूर्वेहून अंधेरीला जायला आता दोन वाटा आहेत: पश्चिम रेल्वेची लोकल आणि जानेवारी 2023 पासून अंधेरी पूर्वेच्या गुंदवलीपर्यंत धावणारी मेट्रो 7.

पैशांत लोकलला तोड नाही. सेकंड क्लासचं किमान भाडं 5 रुपये, मेट्रोचं 10. त्यात लोकलचा महिन्याचा पास काढला की रोजचा खर्च जाणवतही नाही. फास्ट गाडी मिळाली तर वेळही वाचतो. पण सकाळी साडेआठला चढायचं कसं? साध्या लोकलला बंद होणारे दरवाजे नाहीत. आत शिरता आलं नाही तर माणूस दांडीला धरून बाहेर लटकतो, आणि त्याची आपल्याला सवय झाली आहे, याचाच मला राग येतो. एसी लोकलला दरवाजे बंद होतात, पण तिचं किमान भाडं 35 रुपये.

मेट्रोत फलाटावरही सरकती दारं आहेत. सासूबाईंना घेऊन मी निर्धास्त जाते. अडचण आहे ती स्टेशनपर्यंत पोहोचण्याची. मागाठाणे किंवा देवीपाडा हायवेवर. तिथवर शेअर रिक्षा, मग जिने, मग तपासणी. रिक्षाचे पैसे धरले तर मेट्रो चांगलीच महाग पडते.

हायवेजवळ राहणाऱ्यांनी, गुंदवलीला उतरून मेट्रो 1 ने मरोळ-घाटकोपरकडे जाणाऱ्यांनी मेट्रोच घ्यावी. रेल्वे स्टेशनजवळ घर असेल तर लोकल, पण जमल्यास आठच्या आधीची.