घोषित नसलेल्या फॉरेन की आणि स्कीमास्पाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका पतसंस्थेच्या जुन्या कर्ज-ठेव प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत नेण्याचे काम हाती घेतल्यापासून मी स्कीमास्पाय हे डेटाबेसची रचना उलगडून दाखवणारे मुक्त स्रोत साधन नियमित वापरत आहे. डेटाबेस मायएसक्यूएलचा, आणि त्याचा आराखडा सांगणारा एकही कागद शिल्लक नव्हता. कोणते टेबल कोणावर अवलंबून आहे हे कळल्याशिवाय माहिती कोणत्या क्रमाने भरायची हेसुद्धा ठरवता येईना.

जावावर चालणारे हे साधन जेडीबीसीमार्फत (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) डेटाबेसची रचना वाचून ब्राउझरमध्ये उघडणारी पाने तयार करते. प्रत्येक टेबलाच्या पानावर त्याच्या जवळच्या नात्यांची स्वतंत्र आकृती मिळते, हे मला फार मोलाचे वाटते, कारण टेबले वाढली की संपूर्ण स्कीमाची, म्हणजे डेटाबेसच्या सगळ्या रचनेची, एकत्र आकृती वाचण्याजोगी राहत नाही.

फॉरेन की म्हणजे एका टेबलातील कॉलम दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे निर्देश करतो असे सांगणारे नाते; डेटाबेसमध्ये घोषित केलेल्या अशा की शोधणे मुळात अवघड नाही. इन्फर्मेशन स्कीमामधील (डेटाबेसने स्वतःच्या रचनेची माहिती ठेवण्याची जागा) 'की कॉलम यूसेज' या टेबलावर एक क्वेरी चालवली तरी ती यादी हाती येते. खरा प्रश्न घोषित नसलेल्या नात्यांचा आहे. आमची बरीच टेबले मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण इंजिनवर होती, आणि हे इंजिन फॉरेन कीची व्याख्या कोणतीही चूक न दाखवता स्वीकारते, पण ती अमलात आणत नाही आणि साठवतही नाही. शिवाय कॉलमच्या व्याख्येला जोडूनच लिहिलेले 'रेफरन्सेस' मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीपर्यंत इनोडीबी या फॉरेन की पाळणाऱ्या इंजिनमध्येही दुर्लक्षिले जाते. त्यामुळे टेबल निर्मितीच्या स्क्रिप्टमध्ये नाते दिसते, डेटाबेसमध्ये मात्र ते नसते.

अशा ठिकाणी स्कीमास्पाय कॉलमची नावे आणि डेटा प्रकार ताडून पाहते व संभाव्य नाती तुटक रेषेने दाखवते. सभासद क्रमांकाचा कॉलम सर्वत्र एकाच नावाचा असल्याने ती नाती लगेच सापडली; परंतु कर्जाच्या टेबलातील जामीनदाराचा क्रमांक हाही सभासदाचाच क्रमांक असतो, हे नावावरून कळणे शक्य नव्हते, आणि ते आम्हाला जुना प्रोग्राम वाचूनच शोधावे लागले.

तुटक रेषेवर मी तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. लेफ्ट जॉइन करून (पहिल्या टेबलातील सर्व नोंदी राखून दुसऱ्याशी जोडणारी क्वेरी), ज्याकडे निर्देश आहे त्या मूळ टेबलात जोडीदार नसलेल्या किती नोंदी उरतात ते पाहावे. बऱ्याच उरल्या तर ते नाते नसावे, किंवा मूळ नोंदी कधीतरी पुसल्या गेल्या असाव्यात. कोणते खरे, ते त्या नोंदींच्या तारखा पाहिल्या की बहुधा उलगडते. उलट, एकही नोंद न उरणे हाही पुरावा नव्हे: १ ते ४ एवढ्याच किमती असलेला स्थितीचा कॉलम १ पासून क्रमांक असलेल्या जवळपास कोणत्याही टेबलात बसतो. लहान संकेत-टेबलांच्या (क्रमांक आणि त्याचा अर्थ एवढेच असलेल्या टेबलांच्या) बाबतीत म्हणूनच मी लिपिकांना विचारल्याशिवाय नाते नोंदवत नाही.

खात्री झालेली नाती स्कीमास्पायला जादा माहिती पुरवणाऱ्या एक्सएमएल मेटाफाइलमध्ये लिहिता येतात, आणि पुढच्या वेळी ती आकृतीत आपोआप येतात. ही फाइल आम्ही प्रोग्रामबरोबरच गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) ठेवली असून माहिती भरण्याचा क्रम आता तिच्यावरूनच ठरतो.