‘525 पॉवर’ची दुर्बीण: शाळेच्या वर्गणीतून झालेली फसवणूक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेसाठी गावाने वर्गणी करून दुर्बीण घेतली. किंमत 11,500 रुपये. निम्मे आगाऊ यूपीआयवर, उरलेले माल आल्यावर रोख. विकणारा गाडीत नमुना घेऊन तालुक्यातल्या शाळा फिरत होता. खोक्यावर शनी, रंगीत तेजोमेघ आणि ठळक आकड्यांत ‘525 पॉवर’. आज त्या दुर्बिणीतून चंद्रावरची विवरंसुद्धा धड दिसत नाहीत आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही. पाऊस संपून आभाळ मोकळं झालं, शाळांत विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की असे विक्रेते गावोगाव निघतात. म्हणून ही दुर्बीण उघडून त्यात काय निघालं ते सगळं इथे देतो आहोत.

माल दाखवायची पद्धत ठरलेली असते. दुपारी पटांगणात दुर्बीण उभी करायची, 20 मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं सुटं भिंग, लावायचा आणि लांबचा मोबाइल टॉवर किंवा गावची पाण्याची टाकी दाखवायची. भर उन्हात कमी पटीला जवळजवळ कुठलीही दुर्बीण बरी वाटते, कारण प्रकाशाला तोटा नसतो. टॉवरचे नटबोल्ट दिसले की विकणारा म्हणतो, हे तर फक्त 35 पट आहे, 525 ला काय दिसेल बघा. लोक तिथेच पैसे काढतात. रात्री दाखवा म्हटलं तर त्याला मुक्कामाला वेळ नसतो. त्याला सांगायचं एवढंच: अंधार पडल्यावर गुरू किंवा चंद्र दाखव, तोवर रुपयाही मिळणार नाही.

525 हा आकडा येतो कुठून? दुर्बीण किती पट दाखवते हे काढायचं गणित सोपं आहे. पुढच्या भिंगाच्या फोकल लेंथला (भिंगापासून लांबच्या वस्तूचं चित्र स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या फोकल लेंथने भागायचं. या दुर्बिणीवर 60 मिमी व्यास आणि 700 मिमी फोकल लेंथ लिहिलेली आहे. 20 मिमीचा आयपीस लावला की 35 पट, 4 मिमीचा लावला की 175, आणि मध्ये 3 पटीचा बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) घातला की 525. गणित बरोबर आहे, म्हणूनच विक्रेता ते बिनधास्त समजावून सांगतो. 900 मिमीच्या नळीवर याच हिशेबाने 675 लिहितात. पण दुर्बिणीला किती पट पेलेल हे ठरवतो पुढच्या भिंगाचा व्यास, आणि ढोबळ मर्यादा व्यासाच्या दर मिलिमीटरला 2 पट. म्हणजे 60 मिमीला फार तर 120, तेही भिंग उत्तम आणि हवा स्थिर असेल तर. त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि अंधुक होत जातं, नवीन काही दिसत नाही. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे 20 पटीच्या दुर्बिणीतून. शनीचं कडं आपल्याकडे पुरेसं कललेलं असेल तर 30-35 पटीला ओळखता येतं. गावाला 525 ची गरजच नव्हती, आणि ते त्या नळीतून मिळणारही नव्हतं.

शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला 15 अंश सरकतं. अशा आयपीसचं दृश्यक्षेत्र, म्हणजे डोळ्यासमोर दिसणाऱ्या गोलाची रुंदी, साधारण 40 अंश धरलं तर 525 पटीला गुरू एका कडेकडून दुसऱ्या कडेला सुमारे 18 सेकंदांत निघून जातो. 35 पटीला त्यालाच साडेचार मिनिटांहून जास्त लागतात. ट्रायपॉड पातळ अॅल्युमिनियमचा, हळू फिरवायचा स्क्रू नाही, हात लावला की नळी थरथरते. ती थांबेपर्यंत ग्रह गेलेला. रांगेतली पोरं डोळा लावून परत येताना सांगत होती, ‘सर, हे त नुसतं पांढरं पांढरं दिसून रायलं.’ ते खरंच सांगत होते.

इथपर्यंतची फसवणूक बढाईची. खरी चोरी नळीच्या आत होती.

पुढचं कडं हाताने फिरवून काढलं. भिंग पूर्ण 60 मिमीचं, पट्टी लावून मोजलं तरी 60 च. पण त्याच्या मागे अगदी लगत काळ्या प्लॅस्टिकची चकती बसवलेली, आणि तिच्या मधल्या भोकाचा व्यास 30 मिमी. म्हणजे वापरात येणारी दुर्बीण 30 मिमीची. व्यास निम्मा झाला की प्रकाश एक चतुर्थांश उरतो आणि पट पेलायची मर्यादा 120 वरून 60 वर येते. चकती का बसवतात? कारण ते भिंग एकेरी आहे. चांगल्या दुर्बिणीत दोन वेगळ्या प्रकारच्या काचा जोडून भिंग करतात, त्यामुळे वेगवेगळे रंग जवळजवळ एकाच ठिकाणी फोकस होतात. एकेरी भिंगात निळा एकीकडे, लाल दुसरीकडे. चंद्राच्या कडेला जांभळी-तांबूस झालर दिसते. भिंगाच्या कडेकडचा भाग झाकला की ती झालर कमी होते, म्हणून चकती. 60 मिमीचे पैसे घ्यायचे, 30 मिमीचं द्यायचं, आणि ते समोरून दिसू द्यायचं नाही.

ही गोष्ट नळी न उघडताही पकडता येते. दुर्बिणीत 20 मिमीचा आयपीस लावून लांबच्या झाडावर फोकस करून ठेवा. मग खोलीत अंधार करून आयपीसच्या मागे वीतभर अंतरावर मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढच्या भिंगावर बटर पेपर टेकवा. कागदावर प्रकाशाचा गोल उमटेल. त्याचा व्यास पट्टीने मोजा. तो दुर्बिणीवर लिहिलेल्या आकड्याएवढा किंवा एखाद-दुसरा मिलिमीटर कमी हवा. इथे तो 30 भरला. गोल आणि पट्टी एकाच फोटोत घ्या, पुढे तक्रारीला हाच पुरावा लागतो.

एकेरी भिंग ओळखायला ट्यूबलाइट पुरते. भिंग थोडं तिरपं धरून त्यात ट्यूबची प्रतिबिंबं मोजायची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक प्रतिबिंब. दोनच दिसली तर भिंग एकेरी. चिकटवलेल्या जोडभिंगात तीन, मध्ये फट असलेल्यात चार. त्यातलं एखादं फार फिकट असतं, म्हणून घाई न करता बघावं.

आयपीसही तपासा. या खोक्यातल्या आयपीसवर ‘एच 20’ आणि ‘एसआर 4’ असे शिक्के होते. ही सगळ्यात स्वस्त जात. त्याहून अडचणीचं म्हणजे आयपीस बसवायचं तोंड 24.5 मिमीचं. चांगले सुटे आयपीस 31.7 मिमीचे, म्हणजे सव्वा इंची असतात, ते यात बसतच नाहीत. पुढे सुधारणा करायची वाटही बंद. आरशाच्या दुर्बिणीत वेगळी खोट असते: वर लिहिलेलं 114 मिमी व्यास, 1000 मिमी फोकल लेंथ, आणि नळी जेमतेम अर्धा मीटर. अशा वेळी फोकसरच्या (आयपीस पुढे-मागे सरकवायच्या भागाच्या) आत एक जादा भिंग घालून लांबी वाढवलेली असते. यातही चांगलं काम होऊ शकतं, पण स्वस्त मालात ते भिंग हलकं असतं आणि आरसे जुळवणं नवख्याला जमत नाही. अशा न्यूटोनियन, म्हणजे साध्या आरशाच्या दुर्बिणीच्या, नळीची लांबी टेपने मोजा. फोकल लेंथच्या निम्म्याच्या आसपास आली तर घेऊ नका.

या सगळ्याहून वाईट वस्तू खोक्याच्या तळाशी निघाली: आयपीसच्या टोकाला आटे देऊन बसवायची गडद हिरवी काच, वर लिहिलेलं ‘सन’. ही काच फोडून टाका. पुढचं भिंग सूर्याचा प्रकाश आणि उष्णता नेमकी तिथे एकवटतं, काच तापून तडकते, आणि तडकते त्या क्षणी डोळा मागे असतो. दृष्टिपटल जळताना दुखत नाही, त्यामुळे मूल डोळा हटवतही नाही. सूर्य बघायचा फिल्टर पुढच्या भिंगावर पूर्ण झाकून, घट्ट बसवायचा असतो आणि तो प्रमाणित सौर फिल्टरच लागतो. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी लावलेली काच चालत नाही. शाळेत ही दुर्बीण असेल तर बाकी काही करायच्या आधी एवढं करा.

आता विक्रेत्याने दिलेली कारणं, कारण ती निम्मी खरी असतात. पहिला फोन लागला तेव्हा त्याने सांगितलं, ‘सर, थंडीत काच सेट व्हायला आठ दिवस लागतात.’ दुर्बीण घरातून गार हवेत काढल्यावर तिला गार व्हायला वेळ लागतो हे खरं. पण 60 मिमीच्या भिंगाला दहा-पंधरा मिनिटं, 130-150 मिमीच्या आरशाला अर्धा-पाऊण तास. आठ दिवस कशालाच लागत नाहीत. दुसरं कारण दवाचं. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी किंवा ओलिताच्या गव्हाजवळ डिसेंबर-जानेवारीत पुढच्या भिंगावर दव धरतं, तेव्हा चित्र हळूहळू पांढुरकं होत जातं. उपाय: काळ्या कार्डशीटची नळी भिंगापुढे 9-10 सेंटिमीटर काढायची. दव पुसायचं नाही, काचेवर ओरखडे पडतात. आयपीसवर श्वासाची वाफ बसते, म्हणून एक आयपीस खिशात गरम ठेवावा. पण दव असेल तर सुरुवातीला चित्र चांगलं दिसतं आणि मग बिघडतं. पहिल्या मिनिटापासून वाईट असेल तर दोष दुर्बिणीचा. तिसरं कारण, ‘तुमच्याकडचं आभाळच खराब.’ विदर्भाच्या ग्रामीण भागात हे ऐकून घेऊ नये. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आभाळ जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली आहे.

हवेचा दोष की भिंगाचा, हे ठरवायला 20 मिमीच्या आयपीसने व्याध किंवा ब्रह्महृदय धरा आणि फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याची चकती होईल. ती सतत उकळल्यासारखी हलत असेल तर हवा अस्थिर. स्थिर असूनही एकीकडे ओढलेली, वेडीवाकडी असेल तर काच. व्याध क्षितिजाजवळ असताना ही परीक्षा घेऊ नका, तिथे तो नेहमीच लुकलुकतो. रंगाची अपेक्षाही ठेवू नये. मृगातला तेजोमेघ, त्रिकांडाच्या खालचा, चांगल्या दुर्बिणीतूनही डोळ्याला राखाडी-हिरवट धुक्यासारखाच दिसतो. खोक्यावरचे लाल-निळे फोटो कॅमेऱ्याने पुष्कळ वेळ प्रकाश साठवून काढलेले असतात.

या गावाचे पैसे अजून परत आलेले नाहीत, पण तक्रार गेली आहे. बिलावर ‘सायन्स किट’ एवढंच लिहिलेलं, जीएसटी क्रमांक नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत नाही. आयात केलेल्या पॅकबंद मालावर या गोष्टी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या नसतील तर खोकं तिथेच परत करा. बिलावर व्यास, फोकल लेंथ आणि ‘दुहेरी भिंग’ हे शब्द लिहून घ्या, नकार मिळाला तर व्यवहार थांबवा. पैसे यूपीआयने देऊन माल आलाच नसेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवायची शक्यता कमी. माल खोटा असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत 2 वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी विक्रेत्याला स्पीड पोस्टने लेखी नोटीस पाठवा आणि पावती जपून ठेवा. चकतीचा, प्रकाशाच्या गोलाचा आणि खोक्यावरच्या आकड्याचा फोटो जोडा. दुर्बीण मात्र तोवर खोलून-बदलून ठेवू नका, चकती होती तिथेच बसवून ठेवा.

नव्याने घेणाऱ्या शाळांनी तेवढ्याच पैशांत 10×50 ची (10 पटीची, 50 मिमी भिंगांची) बरी द्विनेत्री दुर्बीण आणि कॅमेऱ्याचा भक्कम ट्रायपॉड घ्यावा. तिच्या दोन्ही भिंगांवर हीच टॉर्चची परीक्षा करावी; गोल 50 मिमीच्या जवळ भरला पाहिजे, 40 आला तर तीही परत करावी.