बोअरच्या पाण्यासाठी घरगुती आरओ: मशीन बरं, करार बघून घ्या

लातूर, बीडकडच्या क्षारयुक्त बोअरला आरओ लागतोच. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) आयएस 10500 या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो. मशीन तसं साधं: सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, कार्बन फिल्टर, पंप अन् मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा बारीक पडदा. सेडिमेंटचा स्पन फिल्टर तपकिरी झाला की लगेच बदला, तो स्वस्त असतो. तो तुंबला की पंपाला पाणी कमी पडतं, पंप आवाज करतो अन् टाकी भरायला वेळ लागतो.

खरी गोम मेम्ब्रेनची. जड पाण्यात कॅल्शियमचा थर तिच्यावर बसतो. आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस 1200 अन् बाहेर येणाऱ्याचा 100 च्या आसपास असेल तर ती ठीक आहे. बाहेरचा आकडा 300 झाला की समजा, ती गेली. त्यासाठी टीडीएस मीटर स्वतःकडे ठेवा. मिस्त्री कधी 'चव येत नाही' म्हणून टीडीएस कंट्रोलर फिरवून देतो. त्यानं आरओ न झालेलं पाणी परत मिसळतं, म्हणजे नायट्रेट, फ्लोराईडही! बोअर असेल तर तो बंदच ठेवायला सांगा.

डोक्याला ताप देतो तो देखभालीचा वार्षिक करार. पूर्वी रांजण घासला की भागायचं. आता पाण्याच्या घोटासाठी ॲप, ओटीपी, तक्रार क्रमांक. करारात मेम्ब्रेन अन् पंप येतात का, हे लेखी घ्या. बऱ्याचदा फक्त 'सर्व्हिस' असते, पार्ट वेगळे. वाया जाणारं पाणी भांडी-फरशीला वापरा, झाडांना नको.