टेलिकॉमच्या मसुद्यावर सूचना पाठवताय? तयार मेल की स्वतःचं पत्र

मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाईल-रिचार्जचं छोटं दुकान आहे, सिमकार्डं विकतो, त्यामुळं टेलिकॉमचा कायदा बदलतोय म्हटल्यावर गप्प बसवत नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच्याखालचे नियम एकेक करून मसुदा म्हणून राजपत्रात येतात, बहुतेक वेळा ३० दिवस मिळतात, आणि दरवेळी ग्रुपवर तोच प्रश्न पडतो की लिंक दाबून कुठल्यातरी मोहिमेनं लिहून ठेवलेली तयार मेल पाठवायची का स्वतः बसून लिहायचं.

तयार मेलला नावं ठेवायची नाहीत मला. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखंच वागवा या मागणीच्या वेळी ट्रायकडं, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडं, दहा लाखांच्या वर मेल गेल्या, त्यातल्या बहुतेक तयारच होत्या, आणि त्यामुळंच हा विषय दिल्लीच्या चार कंपन्या आणि वकिलांपुरता राहिला नाही. पुढं ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा डेटा दर लावायला बंदी घातली. संख्येला वजन असतं, हे मान्यच. पण त्या बंदीच्या आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, फेसबुकच्या फ्री बेसिक्सच्या (ठरावीक साइट फुकट देणारी योजना) बाजूनंही अशाच लाखो तयार मेल गेल्या, तेव्हा ट्रायनं सांगितलं की आम्ही जे प्रश्न विचारलेत त्यांची उत्तरं द्या, नुसता पाठिंबा नको. म्हणजे संख्या दोन्ही बाजूंना उभी करता येते. आणि एक, एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या मेल ट्रायनं साइटवर टाकल्या त्यात लोकांचे ईमेल पत्ते पण दिसत होते, तेव्हा कुठल्याही मार्गानं पाठवा, मेलच्या मजकुरात मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता घालू नका.

आता माझं मन कशानं फिरलं ते सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विधेयकाचा मसुदा आला होता. व्हॉट्सअॅपसारख्या अॅपना पण टेलिकॉम सेवा म्हणून लायसन्सखाली आणायचं, इंटरनेट बंद करायचे अधिकार, ग्राहकाची ओळख पक्की पटवायची, असं बरंच काही त्यात होतं. एका मोहिमेची लिंक आली, नाव टाकलं, बटण दाबलं, दोन मिनिटांत काम झालं, लई बरं वाटलं. रात्री जेवून झाल्यावर माझ्याच इनबॉक्समध्ये आलेली कॉपी निवांत वाचली. अॅपचा मुद्दा पटला, इंटरनेट बंदीचा पटला, आणि तिसऱ्या मुद्द्यात माझ्या नावानं लिहिलेलं की ओळख पडताळणीचं कलम पूर्ण काढून टाका.

आमच्या मावशीच्या आधारच्या झेरॉक्सवर कुणीतरी सिम काढलेलं. दुसऱ्या जिल्ह्यातनं पोलिसांचा फोन आला तेव्हा कळलं, साठीच्या वरची बाई, महिनाभर झोप नव्हती तिला. मी स्वतः सिम विकतो, कागद न बघता सिम दिलं की काय होतं ते मला घरात बघायला मिळालं. आणि माझ्याच नावानं दिल्लीला गेलेलं की पडताळणी नको! त्या पानावर मजकूर बदलायची सोय नव्हती, नाव आणि ईमेल एवढंच भरता येत होतं. परत मागं घ्यायची पण सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वेगळी मेल लिहिली की पडताळणी पाहिजे, पण झेरॉक्सवर नको आणि नुसत्या अंगठ्यावर पण नको, कारण ऊसतोड करणाऱ्यांचे, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत, हे मी दुकानात रोज बघतो. एका माणसाच्या नावावर दोन उलट्या मेल. वाचणाऱ्यानं काय समजायचं?

तयार मेलमध्ये 'हो' किंवा 'नाही' एवढंच बसतं, 'हो, पण असं' हे बसत नाही, निदान माझ्या अनुभवात तरी. आणि कायद्यात 'पण असं' हेच महत्त्वाचं असतंय. डिसेंबर २०२३ मध्ये कायदा झाला त्यात अॅपचा थेट उल्लेख गेला आणि कलम ३(७) मध्ये बायोमेट्रिक ओळख आली, म्हणजे अंगठ्याचा मुद्दा आता आणखीच जवळ आलाय.

स्वतःचं पत्र लिहायला वेळ जातो, हे खरंय. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटरनेट बंदीच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा मला दोन रात्री लागल्या. पण लिहायला माझ्याकडं काहीतरी होतं. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात नेट बंद झालं तेव्हा गिऱ्हाईक दुकानात उभं, क्यूआर चालत नाही, सुट्टे पैसे नाहीत, आणि नेट कधी चालू होणार हे कुणालाच माहिती नाही. बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या नेटबंदीच्या केसमध्ये सांगितलंय, पण नेट बंद असताना वेबसाइटवर टाकलेला आदेश बघायचा कसा? मी तेवढाच एक मुद्दा लिहिला, की आदेश मराठीत, आकाशवाणीवरनं आणि स्थानिक पेपरात त्याच दिवशी सांगा, कधीपासून कधीपर्यंत ते पण सांगा. हा मुद्दा मी बघितलेल्या कुठल्याच तयार मेलमध्ये नव्हता, आणि असेल कसा, तो गल्ल्यावर बसल्यावरच सुचतो.

लिहायचं कसं ते अवघड नाही. नियमाचा नंबर टाका, आत्ता तिथं काय लिहिलंय ते एका ओळीत, त्याजागी काय पाहिजे ते एका ओळीत, आणि स्वतःचा एक अनुभव. एका पानाच्या वर जाऊ नका. मुद्दा एकच असला तरी चालतं. इंग्रजी येत नाही म्हणून अडू नका, राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रारीचं निवेदन केंद्राच्या अधिकाऱ्याला पण मराठीत देता येतं, मी मराठी वर आणि भाचीकडनं करून घेतलेलं इंग्रजी खाली असं पाठवतो.

मुदतीचा शेवटचा दिवस असेल, किंवा मसुद्यातलं सगळंच तुम्हाला तयार मेलसारखंच वाटत असेल, तर तयार मेल पाठवा, काहीच न पाठवण्यापेक्षा बरंच. फक्त पूर्ण वाचून पाठवा आणि मजकूर बदलता येतोय का ते आधी बघा. नसेल येत तर मी तरी थांबेन.

२०२२ मध्ये मावशीला पण मी विचारलेलं, तुझ्या नावानं पाठवू का काही. तिनं दोनच ओळी सांगितल्या, मी त्या तशाच टाईप केल्या: "माझ्या कागदावर दुसऱ्याला सिम देऊ नका. द्यायच्या आधी मला फोन करून विचारा."