क्लास-ए सरफेसिंगचा कोर्स, आणि हातात पडतात नुसत्या कमांड

क्लास-ए सरफेसिंग म्हणजे गाडीचा बाहेरून दिसणारा पृष्ठभाग (सरफेस) संगणकावर अगदी गुळगुळीत घडवणं. डेमो लेक्चरला पडद्यावर गाडीचं बॉनेट फिरत असतं. चकचकीत लाल रंग, त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब. समोर डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल झालेली मुलं बसलेली, कुणाकुणाबरोबर वडीलही. ‘चार महिन्यांत हे तुम्ही स्वतः कराल, नोकरीची हमी आमची’ असं सांगितलं जातं आणि त्याच दुपारी फॉर्म भरून घेतला जातो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात गाड्यांचं काम खरंच आहे, त्यामुळे घरच्यांचाही विश्वास बसतो. फसवणाऱ्या क्लासमध्ये मात्र ते बॉनेट तिथल्या कुणी बनवलेलंच नसतं.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. मॉडेल कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये असेल तर डावीकडची ट्री, म्हणजे मॉडेल कसं बांधलं त्याच्या पायऱ्यांची यादी, उघडून दाखवायला सांगा. स्वतः बांधलेल्या सरफेसच्या मागे त्याची स्केचेस, कर्व्ह, स्वीप, ट्रिम अशी सगळी साखळी दिसते. नेटवरून उतरवलेली स्टेप किंवा आयजीईएस फाइल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याचे फॉरमॅट) असेल तर सरफेस.१, सरफेस.२ असे सुटे तुकडे दिसतात, आयकॉनवर लाल विजेसारखी खूण असते आणि मागे काहीच नसतं. एलियास या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम अशा ट्रीवर चालत नाही. तिथे कंट्रोल पॉइंट (ओढून आकार बदलायचे बिंदू) चालू करून एक पॅच (सरफेसचा तुकडा) हलवून दाखवायला सांगा आणि शेजारच्या पॅचशी तो पुन्हा जुळवायला लावा.

त्यानंतर रंग काढून झेब्रा, म्हणजे सरफेसवर पट्टे पाडून जोड तपासायची सोय, लावायला सांगा. कॅटियाच्या फ्रीस्टाइल विभागात त्याला आयसोफोट मॅपिंग म्हणतात. दोन पॅच जिथे भेटतात तिथे काळे-पांढरे पट्टे नीट बघा. पट्टा तुटून बाजूला सरकला असेल तर जोड फक्त जी० आहे, म्हणजे कडा टेकल्या आहेत, एवढंच. पट्टा जुळतो पण कोपरा करून वळतो, तर तो जी१, म्हणजे स्पर्शरेषा जुळते, वक्रता नाही. पट्टा अडखळल्याशिवाय पलीकडे जातो तेव्हा जी२, म्हणजे वक्रताही दोन्हीकडे सारखी. सपाट पृष्ठाला १० मिलिमीटर त्रिज्येचं साधं फिलेट (कडेची गोलाई) दिलं की वक्रता शून्यावरून एकदम ०.१ वर उडी मारते. स्पर्शरेषा जुळते, पण रंगवलेल्या पत्र्यावर प्रकाशाची रेघ त्या जागी मोडलेली दिसते. क्लास-एची सगळी मेहनत ही रेघ न मोडण्यासाठी असते. कमांडवर क्लिक करून ती येत नाही. म्हणून शिकवणाऱ्यालाच विचारा, ‘सर, हा जोड जी१ वरून जी२ वर नेऊन दाखवा.’ ज्याला येतं तो लगेच माउस हातात घेतो. ‘ते ॲडव्हान्स मॉड्यूलमध्ये येईल’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका.

नावातली लबाडी सगळ्यात महागात पडते. माहितीपत्रकावर ‘क्लास-ए’ छापलेलं असतं आणि आतल्या अभ्यासक्रमात एक्स्ट्रूड, स्वीप, मल्टीसेक्शन, फिल, ब्लेंड, जॉइन. हे सगळं जनरेटिव्ह शेप डिझाइन, म्हणजे कॅटियातला कमांडने सरफेस बांधायचा विभाग, आहे. ते शिकण्यासारखं आहे आणि प्लास्टिक ट्रिमच्या (गाडीवर बसणाऱ्या प्लास्टिक भागांच्या) कामाला रोज लागतं. पण क्लास-ए वेगळं. तिथे एलियास किंवा आयसेम सर्फसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कमी डिग्रीचे (साध्या वळणाचे), शक्यतो एकाच स्पॅनचे (आत जोड नसलेले) पॅच हाताने घडवावे लागतात. डिग्री ५ असेल तर एका दिशेला ६ कंट्रोल पॉइंट, आणि त्यांचं अंतरही एका लयीत हवं. फिल आणि मल्टीसेक्शनने भोक बुजतं, पण सरफेस बऱ्याचदा अनेक स्पॅनचा, जड होतो आणि झेब्रात लहरी दिसतात. क्लास-एच्या जागा मोजक्या असतात. नवख्या मुलाला काम मिळण्याची शक्यता ट्रिम किंवा बॉडीच्या डिझाइनमध्ये जास्त. म्हणजे शिकवायचं एक, नाव दुसऱ्याचं, आणि फी त्या नावाची.

शिकवण्यातला खोटेपणाही ओळखता येतो. त्याचं उत्तम उदाहरण जॉइन, म्हणजे सरफेस एकमेकांना जोडायची कमांड. कॅटियात जॉइनचं मर्जिंग डिस्टन्स, म्हणजे जोडताना चालवून घेतली जाणारी फट, मुळात ०.००१ मिलिमीटर असतं. दोन सरफेस जुळत नाहीत म्हणून मुलगा अडतो, आणि सर सांगतात, ‘०.१ कर, होतंय बघ.’ होतं खरं, पण फट तिथेच राहते. सॉफ्टवेअर फक्त ती डोळ्याआड करतं. पुढे क्लोज सरफेसने आतली पोकळी भरताना किंवा थिकनेस (जाडी) देताना एरर येते आणि का आली ते कुणालाच सांगता येत नाही. बरोबर रीत अशी: कनेक्ट चेकर हे तपासणीचं साधन लावून फट मिलिमीटरमध्ये आणि स्पर्शरेषेतला फरक अंशांत वाचायचा, कोणती कड चुकली ते शोधायचं, आणि तोच सरफेस पुन्हा बांधायचा. किती फरक चालेल हे प्रत्येक कंपनी ठरवते, पण मोजायचं कसं हे क्लासने शिकवलंच पाहिजे. ऑफसेटचंही, म्हणजे ठरावीक अंतरावर सरफेसची समांतर प्रत काढण्याचंही, तसंच. २.५ मिलिमीटर जाडी द्यायची आणि त्या बाजूला आत वळणारा कोपरा १.५ मिलिमीटर त्रिज्येचा असेल, तर ऑफसेट तिथे स्वतःवरच दुमडतो आणि फसतो. कारण न सांगता ‘सरफेस डिलीट कर, फिलने बुजव’ म्हणणारा सर स्वतः कधी या कामाला बसलेला नाही, एवढं समजा.

प्रोजेक्ट कोणतं करून घेणार हे लेखी मागा. उपयोगी प्रोजेक्ट असं असतं: बाहेरचा सरफेस द्यायचा, आणि मुलाने टूलिंगची दिशा (साचा कुठल्या बाजूने उघडेल ती) ठरवायची, ड्राफ्ट ॲनालिसिस करायचं (भाग साच्यातून निघायला पुरेसा उतार आहे का ते तपासायचं), जाडी द्यायची, मग डॉगहाउस (क्लिप बसवायची घरं) आणि रिब (आतल्या मजबुतीच्या पट्ट्या) काढायच्या. रिबची जाडी भिंतीच्या ४० ते ६० टक्के, म्हणजे २.५ च्या भिंतीला १ ते १.५ मिलिमीटर; त्याहून जाड ठेवली तर बाहेरच्या दर्शनी बाजूला सिंक मार्क (खळगा) येतो. पृष्ठाला टेक्स्चर असेल तर खोलीच्या दर ०.०२५ मिलिमीटरला साधारण १ ते १.५ अंश ड्राफ्ट जास्त लागतो, नाहीतर भाग मोल्डमधून निघताना खरवडतो. मुलाखतीत हेच विचारतात. एखादी इनपुट कर्व्ह (ज्यावर सरफेस बांधला ती रेघ) उडवून ‘आता दुरुस्त करा’ असंही सांगतात. ज्या क्लासमध्ये अख्ख्या बॅचला तयार फाइल वाटली जाते, तिथल्या दहा मुलांच्या पोर्टफोलिओत तोच बंपर, तीच रिब आणि तीच चूक असते. मुलाखत घेणारा दुसऱ्याच मुलाला ते ओळखतो, आणि प्रामाणिकपणे राबलेला मुलगाही त्यात भरडला जातो.

आता पैशांचं. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून ज्या कागदावर सही घेतली जाते, तो क्लासशी केलेला करार नसतो. ते एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं, मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर. समजा फी ९०,००० आणि हप्ते १२. क्लासला रक्कम सुरुवातीलाच मिळून जाते आणि खात्यातून दरमहा ७,५०० कापले जातात. तिसऱ्या महिन्यात सर सोडून गेले, बॅच बंद पडली, तरी कापणं थांबत नाही. हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर खाली येतो. सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. कर्ज कुणाचं, एकूण किती भरायचे आणि किती दिवसांत कर्जातून बाहेर पडता येतं, हे त्यात लिहिलेलं असतं. खात्यातून पैसे घ्यायची परवानगी देणारा ओटीपी समुपदेशकाच्या हातात फोन देऊन भरू नका. रोख भरल्यास जीएसटी लागणार नाही, असं कुणी म्हटलं तर तुमच्या हातात पावतीही राहणार नाही.

‘प्लेसमेंट’च्या शेवटी आणखी एक सापळा असतो: दोन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र. वेगळे पैसे घेऊन ते दिलं जातं. कंपनी पीएफचा यूएएन (कर्मचाऱ्याचा कायमचा खाते क्रमांक) तपासते, तिथे नोंद नसते, आणि रुजू झालेल्या मुलालाही काढतात. इथे फसवलेला मुलगाच फसवणारा ठरतो, म्हणून हे पत्र हातातही घेऊ नका. पेन ड्राइव्हमधून मिळणारं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअरही नको. क्लासमध्ये कॅटियाचं लायसन्स आहे की नाही हे टूल्स, ऑप्शन्स, जनरल, लायसन्सिंग इथे दिसतं. घरी सरावाला एलियास विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कच्या शैक्षणिक योजनेतून एका वर्षासाठी मोफत मिळतं, रायनो ९० दिवस पूर्ण वापरता येतं आणि फ्रीकॅड कायम मोफत आहे. झेब्रा वाचायची नजर रायनोवरही तयार होते.

पैसे अडकलेच असतील तर आधी क्लासला लेखी मागणी करा, ईमेलने, तारखेसह. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, नोकरीची हमी देणारे व्हॉट्सॲप संदेश, हजेरी, पावत्या, सगळं आजच जपून ठेवा. बॅच बंद झाली की ग्रुप सगळ्यात आधी डिलीट होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरी दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. ‘फी परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापलं म्हणून आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. वित्तसंस्थेला स्वतंत्र पत्र द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आणि बॅचमधल्या बाकीच्यांशी आधी बोला. त्यांच्या पावत्यांवर तीच तारीख आणि तोच सही-शिक्का असेल, तर त्या तुमच्या अर्जाला जोडा.