चेहऱ्याजवळ जाताना: ट्रॉली की झूम?

कॅमेरा पात्राच्या चेहऱ्याकडे हळूहळू जातो, हे पटकथेत लिहायला एक ओळ पुरते. मात्र त्यासाठी रूळ टाकून ट्रॉलीवरून कॅमेरा खरोखरच पुढे न्यायचा, की तो जागेवर ठेवून झूम करायचे, म्हणजे लेन्सनेच चित्र मोठे करायचे, हे चित्रीकरणाच्या आधीच ठरलेले असावे. दोन्ही पद्धतींत चेहरा सारखाच मोठा होत असल्याने झूम म्हणजे ट्रॉलीचा स्वस्त पर्याय, असा समज सर्रास आढळतो. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो, कारण चेहऱ्यामागे जे दिसते ते दोन्हींत अगदी वेगळे वागते.

समजा, पात्र कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर उभे आहे आणि त्याच्यामागची भिंत कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर आहे. २५ मिमीच्या लेन्सने (हे नाभीय अंतर; आकडा जितका मोठा, तितके चित्र मोठे) सुरुवात करून कॅमेरा पात्रापासून १ मीटरपर्यंत पुढे नेला, तर चेहरा चौपट मोठा होतो; भिंत मात्र ८ मीटरवरून ५ मीटरवर आल्यामुळे जेमतेम १.६ पट मोठी होते. त्यामुळे पात्र भिंतीपासून सुटून पुढे येते, वाटेतली खुर्ची आणि दाराची चौकट फ्रेमच्या कडांवरून बाहेर निघून जातात आणि प्रेक्षकाला आपणच त्या खोलीत चालत गेल्यासारखे वाटते. याउलट कॅमेरा ४ मीटरवरच ठेवून २५ पासून १०० मिमीपर्यंत झूम केले, तर चेहरा चौपट होतो आणि भिंतही चौपट होते. भिंतीवरचे घड्याळ सुरुवातीला पात्राच्या खांद्याआड अर्धे झाकलेले असेल, तर शॉट संपतानाही ते तेवढेच झाकलेले राहते. पाहणारा जागचा हललेला नसतो. त्याने फक्त नजर रोखलेली असते. चेहऱ्याची ठेवणसुद्धा यात बदलते, कारण १ मीटरवरून नाक आणि गाल यांतली खोली ठळक होते, तर ४ मीटरवरून तोच चेहरा सपाट भासतो.

या दोन हालचाली एकच असत्या, तर त्या एकाच वेळी उलट दिशांनी केल्यावर चित्र जसेच्या तसे राहिले असते. दिग्दर्शक हिचकॉकच्या १९५८ सालच्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात नेमके तेच केलेले आहे आणि त्यात जिन्याची खोली डोळ्यांदेखत ताणली जाते. त्या शॉटसाठी जिन्याची लहान प्रतिकृती आडवी ठेवून तिच्यावर कॅमेरा चालवला होता.

सोय पाहिली, तर झूमचे पारडे उघडच जड आहे. ट्रॉलीसाठी रूळ पातळीत आणावे लागतात, फोकस पुलरला (शॉट चालू असताना फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला) अंतराच्या खुणा करून तालमी कराव्या लागतात आणि शांत संवादात चाकांची कुरकुर ध्वनिमुद्रणात उतरणार नाही याची काळजी घ्यावी लागते. झूमला यातले काहीच लागत नाही, पण लेन्स चांगली हवी. छायाचित्रणासाठी बनवलेल्या अनेक झूम लेन्समध्ये झूम करताना फोकस सुटतो आणि ज्यांचे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, ३.५ पासून ५.६ पर्यंत आकसते (आकडा वाढला की प्रकाश कमी), त्यांत चालू शॉटमध्येच चित्र काळवंडते. शिवाय १०० मिमीवर ट्रायपॉडचा बारीकसा धक्काही पडद्यावर मोठा होऊन दिसतो.

तरीही निर्णय सोयीवर सोडू नये. पात्राच्या मनात काही उलगडत असेल, एखादा निश्चय होत असेल, तर मी कितीही खटाटोप करून ट्रॉलीच निवडेन, कारण प्रेक्षकाने त्या माणसापाशी जाणे हाच त्या शॉटचा अर्थ असतो. पात्रावर दुरून कोणी पाळत ठेवत असेल, गर्दीतला एकच चेहरा हेरायचा असेल किंवा माहितीपटात समोरच्याला न बिचकवता टिपायचे असेल, तर झूमच योग्य. तिथे ट्रॉली आणली तर दूर असल्याची भावनाच नाहीशी होते. चेहऱ्यापासून मागे येत माणूस विस्तीर्ण प्रदेशात किती लहान आहे हे दाखवायचे असेल, तर संथ झूमची सपाटी चित्रासारखी शोभते. दिग्दर्शक कुब्रिकने १९७५ सालच्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटात तिचा वारंवार आणि फार सुंदर उपयोग केला आहे.

संकलनात फ्रेम मोठी करण्याचा मार्गही अनेकांना मोहात पाडतो. ३८४० बाय २१६० पिक्सेलच्या चित्रातून १९२० बाय १०८० ची फ्रेम कापली, तर दुप्पट जवळ जाता येते, पण परिणाम झूमचाच मिळतो, ट्रॉलीचा नाही. रूळ परवडत नसतील तर लहान स्लायडर (कॅमेरा थोडे अंतर सरकवणारी पट्टी) घ्यावा, मात्र कॅमेरा पात्राच्या जवळ मांडावा. १.५ मीटरवरून १ मीटरवर आले की चेहरा दीडपट होतो. तीच अर्ध्या मीटरची सरक १० मीटरवरून केली, तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.