उद्यमनगरातलं छोटं गॅरेज: आधी मीटर, मग पाना

आमची वॅगनआर 2013 ची, पेट्रोलवरची. दिवाळीनंतर सकाळी सेल्फ घेईना. किल्ली फिरवली की नुसतं कट्‌कट्‌. हेडलाइट मात्र लख्ख. ऊन चढलं की पहिल्या झटक्यात सुरू. एका सर्व्हिस सेंटरनं काही न तपासता बॅटरी बदलायला लावली. चार आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. मग नवीन स्टार्टरचं (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचं) नऊ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं.

शाळेतल्या एका बाईंनी कोल्हापुरातल्याच, शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, एका वेळी दोनच गाड्या मावतात. मिस्त्रींनी पाना उचललाच नाही, आधी मीटर काढला. बंद गाडीत बॅटरीवर 12.6 व्होल्ट. "बॅटरी झक्कास आहे की ओ ताई!" मग एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली आणि मला म्हणाले, "मारा सेल्फ." मीटरवर 1.8. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. म्हणजे बिघाड अर्थिंगमध्ये, करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीत.

गिअरबॉक्सला येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट खोलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. खाली हिरवट भुकटी, पट्टीचे निम्मे तार तुटलेले. हेडलाइट का लख्ख होते तेही सांगितलं: दिव्याचं अर्थिंग बॉडीला वेगळं, आणि एक बल्ब जेमतेम 5 अँपिअर खातो. स्टार्टरला शंभरावर लागतात. सकाळी ऑइल घट्ट, म्हणून आणखी जोर. तेवढा करंट त्या उरलेल्या तारांतून जायचा कसा?

पट्टी नवी टाकली, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, वरून पेट्रोलियम जेली. गाडी चालू ठेवून चार्जिंग पाहिलं, 14.1, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठणठणीत. बिल 450 रुपये. जुनी पट्टी न मागता हातात दिली. मला सगळ्यात भावलं ते हे. नऊ हजारांच्या एस्टिमेटपेक्षा ती काळी पडलेली पट्टी मला जास्त काही सांगून गेली.

टर्मिनल स्वतः साफ करायचं तर काढताना निगेटिव्ह आधी आणि बसवताना शेवटी, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. माहेर रत्नागिरीचं, आंबा घाट नेहमीचा, हे कळल्यावर कूलंटची टाकी पाहिली. पातळी खाली होती. मी वर्षभर नळाचं पाणी ओतत आले होते. त्यानं रेडिएटरमध्ये क्षार साचतात, म्हणून आतलं सगळं काढून नवं कूलंट भरून दिलं. घाटात तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करायचा, गाडी बाजूला घ्यायची, आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. हे सांगताना त्यांनी मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला.

उणिवाही आहेत. "तासाभरात" म्हणजे अडीच तास धरा. बसायला एकच स्टूल. एसीचं काम ते घेत नाहीत, तसं आधीच सांगतात. सोमवारी बंद.

त्यानंतर तीन महिने झाले. थंडीतल्या पहाटे साडेपाचलाही गाडी एका सेल्फला उठते. पुढच्या आठवड्यात भावाची अल्टो घेऊन जातेय, तिच्या ब्रेकचा आवाज येतोय.